नाल्यावरचा ट्रॅक

छातीच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर एक सासरे आणि त्यांची सून बोलत बसले होते.

"आमच्या वेळी नाला कधी लाल वाहायचा, कधी निळा. रंगाच्या कारखान्यात आज काय चाललंय, ते घरबसल्या कळायचं."

"आणि तुम्ही सगळे गप्प?"

"गप्प कशाला? लाल म्हणजे मोठी ऑर्डर, म्हणजे ओव्हरटाइम. तुझ्या सासूबाई पुलावर जाऊन खात्री करून यायच्या."

"आम्ही नाही असलं चालवून घेत, बाबा. परवाच सोसायटीत प्रदूषणावर सभा घेतली."

"खिडक्या लावून."

"वास येत होता."

"आम्हीही खिडक्याच लावायचो. भाषणं तेवढी नव्हती."

"निदान आता नाला रंगीत दिसत नाही, एवढं तरी कबूल करा."

"कबूल. दिसेल कसा? कारखान्यानं वर स्लॅब टाकून तुम्हाला जॉगिंग ट्रॅक करून दिला. फीत तूच कापलीस."

"मग काय, मोकळ्या हवेत व्यायाम करू नये माणसानं?"

आतून नर्स बाहेर आली.

"पुढचा नंबर. आजोबा, चला, हात देऊ का?"

"मी नाही, ही. रोज सकाळी ट्रॅकवर धावते. मी नुसता सोबतीला आलोय."