काकांचा खालचा आकडा

काकू, आणि इथं जमलेले सगळे,

बोलायला उभी राहिले खरी, पण उभं राहवत नाही. बसवतही नाही. कालच काकांचं तेरावं झालं. माझं मराठी मध्येच हिंदीत घसरतं, तेवढं सांभाळून घ्या.

मी इथलीच, झाशीच्या नगरा मोहल्ल्यातली. बाबा रेल्वेत फिटर होते. आमच्या घरात कॉलेज पुरं करणारी मी पहिली, आणि मला भूगर्भशास्त्र घ्यायला लावणारे दिगंबरकाका. पुढं त्यांच्याच ऑफिसात, त्यांच्याच हाताखाली लागले.

मघाशी बाहेर कुणी म्हणालं, "बेचारे, ज़िंदगी भर तेल ढूँढ़ते रहे, मिला कुछ नहीं." नाही हो. काका तेल शोधत नव्हते. न सापडलेलं तेल आणि वायू जमिनीखाली किती असेल, याचा अंदाज बांधत होते. विहीर खोदायची की नाही, ते त्यावर ठरतं.

सदर बाजारात दुकानदार विचारायचे, "पंडितजी, झाँसी के नीचे कितना तेल है?" काका म्हणायचे, "नीचे ग्रेनाइट है, भैया. पानी मिल जाए तो प्रसाद बाँटना."

ऑफिसात त्यांची एक रीत होती. प्रत्येकानं आधी गप्प बसून आपले तीन आकडे लिहायचे. कमीत कमी, बहुधा, जास्तीत जास्त. मग बोलायचं, आणि सगळ्यांत लहानानं आधी. म्हणजे मी. "आमचं ऐकून बोललीस, तर तुला बोलावलं कशाला?" असं म्हणायचे.

आता ज्या क्षेत्राचं काम चालू आहे, त्यासाठी त्यांनी खालचा, म्हणजे कमीत कमीचा, आकडा शून्य लिहिला. वायू असेलही. पण त्याला अडवून धरणारा वरचा थर सलग आहे का, कुणालाच माहीत नाही. वरचे साहेब चिडले. शून्य पाहून विहिरीला मंजुरी कोण देणार? काका म्हणाले, "तो थर तुम्ही पाहिलाय? मी नाही पाहिला."

परवा मला त्याच साहेबांचा फोन आला. "सर तो अब रहे नहीं. नीचे वाला आँकड़ा थोड़ा उठा दो, बेटी." मी नुसतं "जी" म्हटलं. तेव्हापासून चैन नाही. माझी नोकरी अजून कच्ची आहे. घर माझ्यावर आहे. विचारू कुणाला? ज्यांना विचारायचं, त्यांच्या फोटोला आज हार घातलाय.

काकू, सोमवारी ऑफिसात याच आकड्यांची बैठक आहे. सगळ्यांत लहान अजून मीच आहे. पहिली मीच बोलेन, आणि शून्य म्हणेन. काकांनी लिहिलं होतं म्हणून नाही. आज सकाळी नकाशे अंथरून मी सगळं पुन्हा पाहिलं. तो थर मलाही कुठं सलग दिसला नाही.

आता आपण उभे राहू या. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.

काका, नमस्कार करते.