भिंतीला सुटलेला घाम

हसाल तुम्ही, पण त्या हिवाळ्यात घरमालकीणबाईंवर माझा पक्का संशय होता. प्रतापनगरच्या आमच्या भाड्याच्या खोलीत बाळाच्या पाळण्यामागची भिंत रोज सकाळी ओली असायची. मला वाटे, वर यांचीच न्हाणी गळते आणि या बोलत नाहीत. शेवटी म्हटलं, "ओल जायला निदान एक्झॉस्ट पंखा तरी बसवू द्या."

बाई खाली आल्या. बंद खिडकी, बाळाला वारा लागू नये म्हणून छताजवळच्या रोशनदानात कोंबलेली गोधडी, दोरीवर ओली दुपटी, शेगडीवर ओव्याचं उकळतं पाणी. सगळं पाहून म्हणाल्या, "काहून वं, पोराले खोलीत ठेवलं का इडलीच्या भांड्यात? आधी थे गोधडी काढ. भिंत नाही वाळली, तं पंख्यासाठी मीच भोक पाडून देतो."

भिंत वाचवायची युक्ती आहे ही, मी ओळखलं. तरी गोधडी काढली आणि बाळाच्या नाकावर नजर ठेवून बसले. भिंत हळूहळू वाळली. बाळ शिंकलंसुद्धा नाही. मी घाबरून वर धावले.

"बाई, हा शिंकत कसा नाही?"

"पोरगं ठीक हाये," त्या म्हणाल्या. "आता तुह्या डोक्याले थोडी हवा लागू दे."