वीस मिनिटांत तीन कप

रक्तदाब एकशे चाळीसच्या खाली आला, तर क्रेनवाला पुन्हा क्रेनवर चढणार होता. नाहीतर उरलेली नोकरी गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहिण्यात जाणार होती. पहिल्या खेपेला एकशे बावन्न भरला. “वीस मिनिटं शांत बसा,” असं नर्सने सांगितलं आणि बायकोने थर्मास उघडला. माझा नंबर त्यांच्यामागेच होता.

“घ्या. चहाने जीव शांत होतो.”

“अगं, हा तिसरा कप!”

“तीस वर्षं माझ्याच चहावर क्रेन चालवलीत ना? सावकाश प्या. अहो, आटपा, नर्सबाई आल्या!”

“सावकाश पिऊ की आटपू?”

“सावकाशच, पण पटापट!”

नर्सने त्याच्या दंडाला पट्टा बांधला.

“एकशे छत्तीस. पास!”

“बघा! मी म्हटलं नव्हतं?”

“काकू, तुम्ही केवढ्या थरथरताय! हात द्या बघू. अहो, एकशे अठ्ठ्याहत्तर!”

“माझा? छे, मशीन बिघडलंय तुमचं.”

“आता तुम्ही बसा वीस मिनिटं.”

“बस गं, मी आहे ना! खालून फक्कड चहा आणतो तुला.”

तो उड्या मारतच दारापर्यंत गेला आणि तिथून वळला.

“अगं, तू चहात साखर घेतेस ना?”