चेअरमनची उघडी जीप

माझ्या गॅरेजात रेडिएटरचं काम कुणी कावून आणत न्हाई म्हणतोस? ऐक.

दुष्काळाचं साल. आमच्या सोसायटीची जनावरांची चारा छावणी होती. तिथं रोज जायला चेअरमनला जुनी, उघडी पण भरवशाची जीप पायजे होती, म्हणून पारखायला मला धारूरला घेऊन गेलते. इंजन लई भारी निघालं. मी म्हणलं, "दादा, वरचं कापडी हूड पार सडलंय. पाऊस आला तर?"

"आपल्या तालुक्यात? पाऊस न्हाई म्हणून सरकारनंच लिहून दिलंय बे!"

घेतली. पंधरा दिवसांनी छावणीच्या पाहणीला सायेब आले. चेअरमननं त्यांना जीपमधी बसवलं, ष्टेरिंगवर मी. छावणीच्या दारातच आभाळ फाटलं. तिघंबी चिंब.

सायेब म्हणाले, "चेअरमन, पाऊस झाला की! आता छावणी बंद करावी लागेल."

चेअरमननं तोंड पुसलं आन् माझ्यावर खेकसले, "कावून बे, रेडिएटर फुटला तरी गाडी पळवतोस व्हय? सायेब भिजले की!"

सायबांनी एकदा वर बघितलं, एकदा चेअरमनकडं. मग छावणीत बसून चहा घेतला आन् अहवालात लिहिलं, 'पाऊस निरंक. वाहनाचा रेडिएटर नादुरुस्त.'