गाडी गाभाऱ्यात कशी गेली

पप्पा: देवळात हाय गाडी.

दिशा: देवळाजवळ असेल, पप्पा.

पप्पा: जवळ न्हाई, आत. ह्या मोबाईलवर हा बघ पार, हा सभामंडप आणि हा गाडीचा ठिपका. काल संध्याकाळी सातपासून आपली पिकअप नाथाच्या गाभाऱ्यात उभी हाय.

दिशा: त्या गाभाऱ्यात पुजारीसुद्धा वाकून जातो. पिकअप कशी शिरेल?

पप्पा: तेच तर अर्धा तास बघतोय. आणि गेली कशी ते ऐक. आपल्या नर्सरीच्या फाटकातून निघाली ती ताशी चार किलोमीटरनं. चार. मग सरळ ओढ्यातून पलीकडं. ओढ्यावर पूल न्हाई, दिशा.

दिशा: मग कल्याणकाकांच्या गोठ्यातून?

पप्पा: तुला कसं कळलं?

दिशा: पायवाट तिथूनच जाते. पप्पा, एक मिनिट मोबाईल खाली ठेवून खिडकीबाहेर बघता का?

पप्पा: कशाला?

दिशा: गाडी समोर उभी आहे.

पप्पा: कुठली?

दिशा: तीच. बिभीषण नानांची. कर्जतला जायचे उसाच्या रोपांचे ट्रे भरलेत, ताडपत्री बांधलीय. नंबर वाचून दाखवू?

पप्पा: ...मग हा मोबाईल काय खोटं सांगतोय?

दिशा: मोबाईल फक्त यंत्र कुठं आहे ते सांगतो. यंत्र तुम्ही कुठं चिकटवलंत?

पप्पा: गाडीत.

दिशा: गाडी बारा फुटांची आहे.

पप्पा: समोर, देवाच्या फोटोमागं. कुणाला दिसू नये म्हणून. देवामागं कोण हात घालतंय? लोहचुंबकाचं हाय, पटकन बसलं.

दिशा: कशाला बसलं? डॅशबोर्ड तर प्लास्टिकचा आहे.

पप्पा: फोटोच्या चौकटीला. ती पत्र्याची हाय.

दिशा: म्हणजे आठ दिवस आपण नानांच्या देवावर पाळत ठेवतोय.

पप्पा: हसू नको.

दिशा: मी हसत नाही, माझा चेहराच असा आहे. आणि मी तुम्हाला ट्रेच्या पुठ्ठ्यावर तीन रकाने आखून दिले होते ना? पहिला, ड्रायव्हरच्या मोबाईलवरून गाडी बघायची. ते बाद, कारण नानांचा मोबाईल बटणांचा, आणि अजिनाथदादाच्या मोबाईलला सकाळी दहापर्यंतच जीव असतो. दुसरा, गाडीच्या बॅटरीला वायरनं जोडायचा डबा. फिटर बसवून देतो, चार्जिंगची कटकट नाही, हलतबिलत नाही. तिसरा, हे लपवायचं खेळणं. मी दुसऱ्यावर मोठी बरोबरची खूण केली होती, लाल पेननं. खाली लिहिलं होतं, ड्रायव्हरांना सांगून बसवणे.

पप्पा: सांगून बसवली तर ती पाळत कसली?

दिशा: दहावीतल्या मुलीचं ऐकलं असतं तर आज गाडी देवदर्शनाला गेली नसती.

पप्पा: नानांचं तुला माहीत न्हाई. शेतकऱ्यांची तक्रार हाय, नाना वाटंत चहाला लई थांबतात. एक न्हाई, दोघं म्हणाले. लागणीला माणसं खोळंबतात. मला बघायचं हुतं, थांबतात कुठं.

दिशा: मग नानांनाच विचारायचं.

पप्पा: विचारलं तर चावी ठेवून जातील. पंधरा वर्षं एकदाबी त्यांच्या गाडीतलं रोप मोडलं न्हाई. नगरच्या पुढचा एकेक खड्डा त्यांना पाठ हाय. ते गेले तर कर्जतला रोपं न्हाई, कोशिंबीर पोचंल.

दिशा: आणि हे यंत्र त्यांना सापडलं तर?

पप्पा: सापडत न्हाई. थांब, थांब. गाडी हालली.

दिशा: गाडी तिथंच आहे.

पप्पा: ठिपका गं. देवळातून निघाला. कल्याणचा गोठा. ओढा. चढाला जरा थांबला.

दिशा: धाप लागली असेल गाडीला.

पप्पा: फाटकातून आत आली. आपल्या ऑफिसच्या दारात आली.

नाना: राम राम, शेठ.

पप्पा: या, या गाडी. म्हणजे, या नाना. बसा.

नाना: बसत न्हाई. ह्ये जरा दावायचं हुतं. काल अमुशा हुती. अमुशाच्या राती मी देवाला देवळात ठिवतो, ताईला ठावं हाय. म्हैनाभर धुराळा खातंय, हारन ऐकतंय. एक रात त्यालाबी इसावा.

दिशा: हक्काची रजा आहे ती.

नाना: तर फोटू पुसाया घेतला, आन् मागं ह्ये.

पप्पा: अरेच्चा. काय म्हणायचं हे?

नाना: करनी.

पप्पा: करणी?

नाना: काळी हाय, चौकोनी हाय, आन् अंधारात लाल डोळा मिचकावती. देवरुषी रंगुबाईला दावली. तिनं चार हात लांबून बघितली अन् म्हनली, बिभीषन, तुज्या वाईटावर कुनीतरी जवळचंच हाय.

दिशा: रंगुबाईंना बरोबर कळतं.

पप्पा: दिशा, तू शाळेत जा.

दिशा: रविवार आहे.

नाना: मीठ-मिरच्या उतरल्या, लिंबू कापलं, न्हाई ऐकलं. रातभर मिचकावतच व्हती. आता तिठ्यावर टाकायची आन् वरून धोंडा घालायचा, असं म्हनली. म्हनलं आधी शेठच्या कानावर घालावं.

पप्पा: धोंडा नका घालू.

नाना: का वो?

पप्पा: न्हाई, म्हणजे, करणी फुटली की उलटती म्हणतात.

नाना: उलटू द्या की. ज्यानं केली त्येच्यावरच उलटंल.

दिशा: पप्पा, तुम्ही सांगताय की मी सांगू?

पप्पा: काय सांगायचं? मला त्यातलं काय कळतं?

दिशा: नाना, ती करणी नाही. पप्पांनी बसवलेलं यंत्र आहे. गाडी कुठं जाते, कुठं थांबते, ते पप्पांच्या मोबाईलवर दिसतं.

नाना: शेठनी?

पप्पा: नाना, तसं न्हाई.

नाना: मग कसं हाय?

पप्पा: तसंच हाय. पर तुमच्यावर न्हाई, गाडीवर लावलं हुतं.

दिशा: देवावर लावलं होतं.

पप्पा: तू गप गं.

नाना: देवाच्या आडून माझ्यावर नजर. पुढनं लावली असती शेठ, तर मी हार घातला असता तिला. ही घ्या चावी. ट्रे नीट बांधल्यात, डाव्या अंगाचा दोर जरा इसविशीत हाय, तेवढा बघायला सांगा कुनाला तरी.

पप्पा: नाना, ऐका तरी. आज कर्जतची गाडी हाय. कारभारी तात्या सकाळपासून वाट बघतोय.

(पप्पांचा मोबाईल वाजतो. पप्पा सवयीनं उचलतात.)

पप्पा: बोला तात्या. हो हो, निघाली की. कवाच निघाली. मिरजगावात पोचली बघा. तिथं काय, नाना चहाला थांबलेत. तुम्हाला माहीतच हाय त्यांचं. हां, येतील, येतील. ठेवतो.

नाना: शेठ.

पप्पा: काय?

नाना: मी मिरजगावात चहा पितोय?

पप्पा: अहो, फोनवर बोलायची एक पद्धत असती, नाना. शेतकऱ्याला धीर द्यावा लागतो.

नाना: चहा सोडून मला अकरा वर्सं झाली. मढीला नाथापुढं सोडला.

दिशा: पप्पा, नाना चहाला थांबतात हे तुम्हाला कोण म्हणालं होतं?

पप्पा: कारभारी तात्या. चांगलं दोनदा म्हणाला.

दिशा: आणि तात्यांना कोण म्हणालं?

पप्पा: त्याला... ते...

दिशा: आत्ता आम्ही दोघांनी ऐकलं.

पप्पा: पर पारनेरचा ओंकारबी तेच म्हणाला की.

दिशा: त्याचा फोन आला की तुम्ही त्याला काय सांगता?

पप्पा: गाडी फाट्यावर हाय म्हणून सांगतो.

दिशा: आणि फाट्यावर गाडी काय करतीय?

पप्पा: ...चहा पितीय.

दिशा: म्हणजे थाप तुम्ही मारली, ती कर्जतला गेली, पारनेरला गेली, दोन्हीकडून परत आली आणि तुम्हालाच खरी वाटली. मग तिचा छडा लावायला तुम्ही यंत्र आणलंत.

पप्पा: दोन वेगळ्या तालुक्यांतून ऐकल्यावर माणसाला खरंच वाटणार.

नाना: आता उजेड पडला. मी ज्या वावरात उतरतो, तितं पैलं इचारत्यात, काय नाना, झाला का चहा? मला वाटायचं, पाहुनचार करत्यात. मी आपलं हात जोडून म्हनायचो, नगं, मी घेत न्हाई. तर समदी फिदीफिदी हसायची.

दिशा: किती वर्षं?

नाना: लई वर्सं. मला वाटायचं, ह्या भागातली मानसं हासरी हायत.

पप्पा: नाना, चुकलो मी. चावी उचला.

नाना: न्हाई शेठ. चावी हितंच ऱ्हाऊ द्या. ताई, त्ये वायरचं यंत्र लिवलंयस त्ये कसं असतं?

दिशा: तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर तेव्हा देवळात होता.

नाना: चार दिस झालं, तुजा पुठ्ठा गाडीत माझ्या सीटखालीच हाय. गुडघा टेकाया घेतो मी. वाचाया येतं मला. पर कशापायी लिवलंय त्ये कळंना, म्हनलं शाळंचं काय असंल.

दिशा: असं असतं, की डबा स्टेअरिंगच्या खाली आत बसतो, बॅटरीवर चालतो. देवाला हात लावायचं कामच नाही. आणि त्याची लिंक कुणालाही पाठवता येते. तात्यांना पाठवली की त्यांच्याच मोबाईलवर ठिपका दिसणार.

नाना: म्हंजी शेठ मिरजगाव म्हनले, आन् गाडी हितं देवळालीतच असली...

दिशा: तर तात्यांना देवळाली प्रवरा दिसणार. ताडपत्रीसकट समजा.

नाना: ह्ये बेस हाय. ह्ये लावा, आपल्या तिन्ही गाड्यांना. मी सोता फिटरकडं गाडी न्हेतो.

पप्पा: अहो पर मग मी फोनवर काय सांगायचं?

दिशा: जे असेल ते.

पप्पा: धंदा असा चालत न्हाई, दिशा. शेतकऱ्याला निघाली न्हाई म्हणलं की तो दुसऱ्या नर्सरीत जातो.

दिशा: तुमचे किती गेले?

पप्पा: मी कधी म्हणलोच न्हाई, तर जातील कसे?

नाना: मग आज म्हनून बघा. तात्याला फोन लावा. चावी टेबलावरच हाय, माझी काय घाई न्हाई.

पप्पा: आत्ता? आत्ताच तर मिरजगाव सांगितलं मी त्याला.

दिशा: मी लावून देऊ?

पप्पा: दे तो मोबाईल. तू पुठ्ठे रंगव. ...हॅलो, तात्या? सुनील बोलतोय. न्हाई, गाडी इतक्यात यायची न्हाई. तात्या, गाडी मिरजगावात न्हाई. हितं हाय. माझ्या दारात. न्हाई, बिघडली न्हाई, निघालीच न्हाई. हां. न्हाई, नानांनी काय केलं न्हाई. नाना चहाच पीत न्हाईत, तात्या. अकरा वर्षं झाली. ते मी म्हणायचो. हो, मीच. पहिल्यापासून मीच. आता निघाली तर साडेअकरा होतील. कोण आणणार ते... ते अजून...

नाना: म्हना, बिभीषन येतोय.

पप्पा: बिभीषण नानाच येतायत, तात्या. हो. बरं. हो, ठेवतो.

नाना: शिव्या घातल्या?

पप्पा: न्हाई.

दिशा: मग इतका वेळ काय म्हणत होते?

पप्पा: आधी दोनदा विचारलं, खरंच का म्हणून. मग म्हणाला, बरं झालं सांगितलंस. मग लागणीच्या बायांना न्याहारी करून घ्यायला सांगतो.