फेल

बहात्तरचा दुष्काळ. शेतात विहीर घ्यायची म्हणून निघालेली चांगुणा सोनईच्या स्टँडवर एस्टीची वाट बघत बसली होती. शेजारी दोन म्हातारे बोलत कसले, निकालच लावत होते.

"आप्पासाहेब, एस्टी का येईना?"

"बिरेक फेल झालाय म्हनं."

"आन नातू म्याट्रिकला?"

"फेल."

"व्याही कशानं गेले?"

"हार्टफेल."

"नव्या हिरीला तरी पानी?"

"तीबी फेल! पानाड्याच्या तळहातावर नारळ ताठ हुभा राह्यला, म्हनून खंदली. खाली नुसता काळा फत्तर."

"मंग पानाड्याबी फेलच की!"

"त्यो कसा फेल? धोतर-कोंबडं घिऊन गेला."

"आन आता तुमी कुठं निघालात?"

"त्यालाच आनायला. दुसरी जागा दावतो म्हनलाय."

"धन्य हाय तुमची!"

पिशवीतनं वर आलेली नारळाची शेंडी चांगुणानं हळूच पदराखाली घेतली.