ना भावकी, ना बांध

…निःपक्ष माणूस पाहिजे म्हणे! निःपक्ष! आता तुम्हीच सांगा, आमच्या गावात निःपक्ष माणूस आणायचा कुठून? चाकणच्या मार्केटात जाऊन 'बिनवासाचा कांदा दाखवा' म्हटल्यासारखं झालं हे. अहो, आमच्याकडं कुत्रं जरी भुंकलं ना, तरी ते कुणाच्या भावकीतल्या दारचं हे आधी विचारतात, आणि मग त्याला हाड करायचं की भाकरी टाकायची ते ठरवतात! आणि असल्या गावाला निवडायचा होता तंटामुक्तीचा अध्यक्ष. म्हणजे गावातली भांडणं कोर्टात न नेता गावातच मिटवायची, त्यासाठीची ती समिती. कल्पना चांगली आहे, माझं काही म्हणणं नाही... पण तुम्हाला सांगतो, त्या अध्यक्षाच्या निवडीवरून ग्रामसभेत जो तंटा झाला, तसा तंटा समिती नव्हती तेव्हा कधी झाला नव्हता. खुर्च्या उडाल्या! प्लॅस्टिकच्या होत्या म्हणून डोकी वाचली.

कुणाचंही नाव घ्या, लगेच दुसरा उठणार. पोलीस पाटील माऊलीचं नाव आलं, तर तो बसवाल्या आदिनाथचा साडू. दुसऱ्याचं आलं, तर तो सरपंचाचा मेव्हणा. तिसऱ्याची बहीण चौथ्याला दिलेली, चौथ्याचा बांध पाचव्यानं कोरलेला, आणि पाचवा आणि पहिला एका कंपनीत भंगाराच्या ठेक्यावरून एकमेकांचं तोंड बघत नाहीत... मी आपला दारात उभा. माझी पिठाची गिरणी ग्रामपंचायतीला लागून, भिंतीला भिंत, त्यामुळं मला सगळं फुकट ऐकायला मिळतं. तर शेवटी मागून कुणीतरी म्हातारं माणूस म्हणालं, "पाव्हण्यास्नी करा की. पाव्हण्याला काय, ना भावकी ना बांध!"

झालं! सगळ्यांनी वळून पाहिलं. मागं, चपला काढतात तिथं, सावळाराम बसला होता.

आता हा सावळाराम कोण? हा जुन्नरकडचा. आमच्या गावची हौसा त्याला दिली, हौसाला भाऊ नव्हता, बाप अंथरुणाला, म्हणून 'चार महिने राहतो' म्हणत हा आला तो इथलाच झाला. घरजावई! इथंच कंपनीत लागला, प्रेसशॉपला, म्हणजे पत्रे दाबायच्या खात्यात, इथंच रिटायर झाला. तीस-पस्तीस वर्षं हो! लातूरची पोरं इथं भाड्यानं राहायला आली, दोन वर्षांत 'भाऊ भाऊ' करत गणपती मंडळाचे खजिनदार झाली, आणि ह्या सावळारामाला सगळं गाव अजून पाव्हणंच म्हणतंय. फर्स्ट शिफ्ट करून दमून आला की पारावरून माऊली हटकणार, "काय पाव्हणं, मुक्काम हाय का?" गंमतीनं म्हणायचा, मान्य आहे. पण पस्तीस वर्षं एकच गंमत? कुणाला हसू येईल?

तीन वर्षांमागं हौसा गेली. मूलबाळ नाही. दहाव्याला पुढं कुणी बसायचं ह्यावरून हौसाच्या भावकीत घोळ सुरू, आणि ज्याची बायको गेली तो कडेला उभा, कुणी 'बसा' म्हणतंय का बघत. मी बघितलं ते. बोललो नाही, कारण माझीही भावकी तीच.

आता तुम्ही म्हणाल, मग हा माणूस जगला कसा? तानाबाईमुळं. समोरची तानाबाई, सत्तरी ओलांडलेली, एकटी, आणि जीभ अशी की लोक तिच्या दारावरून जाताना सायकलवरून उतरत नाहीत, उलट जोरात पायडल मारतात! सबंध गावात सावळारामाला नावानं हाक मारणारी तेवढी एक. नावानं म्हणजे काय, "ए सावळ्या!" बासष्टीच्या माणसाला! "ए सावळ्या, दाढी कर, भूत दिसतोयस. ए सावळ्या, गिळून घे, भाकरी निवतीय." आणि हा म्हणायचा, "आलो मामी." दुपारची भाकरी तिच्या वट्यावर. जेवण झालं की दोघं रस्त्याकडं तोंड करून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याची हजामत करायचे. कुणाची सून जीन्स घालून कामाला गेली, कुणाची बुलेट हप्त्यावर आली, कुठली कंपनीची बस आज उशिरा आली... टीव्ही कशाला पाहिजे? तेवढी दुपार होती म्हणून त्याचा दिवस पुढं सरकत होता. त्याच्याच तोंडचं सांगतो मी हे. दळण घेऊन यायचा ना तानाबाईचं, तेव्हा बोलायचा.

तर असा हा अध्यक्ष झाला. आणि तुम्हाला सांगतो, झाला तो काय झाला! दोन्ही बाजूंचं ऐकायचा, घाई नाही, आवाज नाही, कुणाची आई काढू द्यायचा नाही. बांधाची भांडणं मिटवली, पाण्याच्या नळाची मिटवली, एक तर सासू-सुनेचं मिटवलं, म्हणजे बघा! गाव खूश. जो तो म्हणे, पाव्हण्याला काय, ना भावकी ना बांध!

पण ह्यात एक गोम झाली. लोकांनी त्याला जेवायला बोलवायचं बंद केलं! का? तर अध्यक्ष ज्याच्या पंगतीला बसले त्याचे झाले. ह्याच्याकडं लग्नाला गेले तर तो म्हणणार 'तिकडं झुकले', त्याच्याकडं जागरणाला गेले तर हा म्हणणार 'गेलं प्रकरण'. म्हणून कुणीच बोलवेना. साधा चहा विचारेनात हो! सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा लोक दारातल्या दारात द्यायचे, इकडंतिकडं बघत, लाच दिल्यासारखा. निःपक्ष राहायला पाहिजे ना! आपल्या बाजूचा नाही, दुसऱ्याच्याही बाजूचा नाही... मग माणसानं बसायचं कुणाच्या बाजूला? कुठंतरी टेकायला नको?

राहिली ती तानाबाईची भाकरी. आणि नेमका तिथंच आदिनाथ आडवा आला.

आदिनाथ म्हणजे तानाबाईच्या दिराचा पोरगा. कंपनीची माणसं ने-आण करायला बस चालवायला घेतली त्यानं, मोठी, पांढरी, आणि ती उभी करायची कुठं, तर चुलतीच्या वट्याला लावून! वट्यापासून वीतभर अंतर. म्हातारीला घरातून बाहेर यायचं तर पोट आत ओढून यावं लागायचं. वट्यावर बसलं की समोर काय? बसचा पत्रा. रस्ता गेला, माणसं गेली, सुनाबिना सगळं गेलं. दोघं पंधराएक दिवस पत्र्याकडं तोंड करून भाकरी खात बसले आणि मग तानाबाई उठली ती तडक समितीकडं.

बैठकीला सगळं गाव लोटलं. आता खरं सांगू का, कायदा सरळ होता. ग्रामसेवकानं आदल्या दिवशी अध्यक्षाला सांगितलं होतं, की गावठाणातला रस्ता ग्रामपंचायतीचा, कुणाच्या दारात गाडी लावून वाट अडवता येत नाही, विषय संपला. दोन मिनिटांचं काम! पण आदिनाथच्या बसमधून निम्म्या गावाची पोरं कामाला जातात, त्यातली निम्मी त्यानंच चिकटवलेली, त्यामुळं एका बाजूला ही गर्दी... आणि दुसऱ्या बाजूला तानाबाई, एकटी, पदर डोक्यावर घेऊन. तिला विचारलं, काय पाहिजे? ती म्हणाली, "नुकसानी नको, माफी बी नको. मला रस्ता दिसू द्या."

मग आदिनाथ उठला. हुशार गडी. बसबद्दल अवाक्षर बोलला नाही. एवढंच म्हणाला, "अध्यक्ष रोज तिच्या हातची भाकर खात्यात. तिच्याच वट्यावर बसत्यात. आता आमी निकालाची आशा काय करावी?"

सबंध गाव सावळारामाकडं बघायला लागलं. तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. घाम फुटला होता. कारण काय, पस्तीस वर्षांत गावानं त्याला एकच गोष्ट दिली होती, ती म्हणजे 'पाव्हणं निःपक्ष आहेत' हे तीन शब्दांचं नाव. ते गेलं तर हा कोण? बायको गेलेला घरजावई. तेवढाच उरणार होता तो. आणि दुसरीकडं, निकाल तानाबाईच्या बाजूनं दिला तर स्वतःच्याच दुपारच्या बाजूनं दिल्यासारखा, हेही त्याला ठाऊक! आता गंमत बघा, ज्यांना ज्यांना नातं होतं ते सगळे आपापल्या नात्याकडं बिनधास्त झुकले होते, कुणाला लाज नाही. ह्याला एकट्याला लाज वाटली. आणि सरळ उभं राहायच्या नादात गडी एवढा मागं झुकला, एवढा झुकला की पलीकडं पडला!

खाली बघत म्हणाला, "गाडी आहे तिथंच राहील. अर्जदार बाईंनी समजून घ्यावं."

अर्जदार बाई! मामी नाही, तानाबाई नाही, अर्जदार बाई! अहो, टाळ्या पडल्या! ह्याला म्हणतात न्याय, भाकरीलासुद्धा जागला नाही, पाव्हण्याला काय, ना भावकी ना बांध! आदिनाथनं तिथल्या तिथं शाल मागवली, नारळ मागवला. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि तानाबाई गर्दीतून घराकडं चाललेली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हा बसच्या बाजूनं अंग चोरत गेला वट्यावर. रोजच्यासारखा. बघतो तर काय, वट्यावर खुर्ची टाकलेली. पोरांच्या लग्नात आणतात तसला ट्रे, त्यात पाण्याचा पेला, कपबशीत चहा. आणि तानाबाई दारात उभी, पदर सारखा करून. म्हणाली, "या पाव्हणं. बसा."

बस्स. शिवी नाही, शाप नाही. ती जीभ बघा कसली, गावाला थरकाप आणणारी, आणि ह्याच्या वाट्याला आलं काय तर आदर! भाकरीचं नाव नाही. चहा झाल्यावर विचारलं तिनं, "बरं हाय ना तुमच्याकडं सगळं?" तुमच्याकडं! समोरच्या घरात! त्याला वाटलं एकदा तरी ओरडेल, म्हणून तो मुद्दाम दाढी न करता दोन-चार दिवस गेला. दाढीकडं तिचं लक्षच नाही. रोज खुर्ची, रोज ट्रे. मग ह्यानंच जायचं सोडलं. दारात जाऊन पाहुणचार घेण्यापेक्षा घरात उपाशी बरं, असं मला म्हणाला.

कारण आता तो स्वतःचं दळण घेऊन यायला लागला होता. मूठभर बाजरी! आता गिरणीचं गणित तुम्हाला सांगतो, एवढंसं दळण टाकलं ना, की खाली येतं ते आधीच्या गिऱ्हाइकाचंच पीठ. एकट्या माणसाला त्याचं स्वतःचं पीठसुद्धा मिळत नाही. मी आपली पिशवी भरून दिली. तर म्हणतो, "मामीचं दळण कोण आणतं आता?" म्हटलं, आदिनाथचा ड्रायव्हर. पिशवी उचलून चालता झाला.

मग गेला तो आदिनाथकडं. म्हणाला, गाडी जरा पलीकडं लाव. आदिनाथनं हात जोडले, म्हणाला, "पाव्हणं, निकाल तुमचाच हाय. आमी तो मोडायचा व्हय?" घ्या! आता काय बोलाल?

म्हणून मग त्यानं समितीकडं तक्रार केली. कुणाविरुद्ध? अध्यक्षाविरुद्ध! म्हणजे स्वतःविरुद्ध! माऊलीला वाटलं उन्हाचा त्रास झाला. पण हा हटेना. निकाल चुकीचा आहे, तो देणाऱ्याला जाब विचारा. समिती बसली. आता ऐकणार कोण? माऊली साडू. दुसरा मेव्हणा. तिसऱ्याचा पोरगा बसमध्ये क्लीनर. सगळे फिरून फिरून एकाच नावावर आले. माऊली म्हणाला, "पाव्हण्यावर तक्रार, करणारं पाव्हणं, कुठल्याच बाजूला कुणाची भावकी न्हाई. मग ऐकायला बी पाव्हणंच बरं." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, हसण्यावारी नेलं आणि गेले आपापल्या कामाला. त्यांना काय, पाव्हण्याला काय, ना भावकी ना बांध!

गुरुवार दिला सुनावणीला. गुरुवारी आमच्याकडं लाईट नसते, कंपन्यांना सुट्टी, माझी गिरणी बंद. मी आपला ग्रामपंचायतीकडच्या खिडकीत बसलेलो. सतरंजी अंथरलेली, अध्यक्षाची खुर्ची मांडलेली, समोर दोन बाकडी, एक तक्रारदाराचं, एक समोरच्याचं. आणि माणूस? एक नाही! अहो, एरवी कोंबडीच्या भांडणाला दोन्ही बाजूंनी पन्नास-पन्नास माणूस उभं राहतं. पण ती येतात भावकीसाठी. ह्याच्यासाठी कोण येणार? आणि कुठल्या बाजूनं उभं राहणार? तानाबाईच्या वट्यावरून ग्रामपंचायतीचं दार सरळ दिसतं... म्हणजे, दिसायचं.

बराच वेळ वाट बघितली त्यानं. मग उठून तक्रारदाराच्या बाकड्यावर बसला, समोरच्या मोकळ्या बाकड्याकडं बघून म्हणाला, "निकाल असा का दिलास?" मग उठला आणि त्या बाकड्यावर जाऊन बसला. मान खाली घातली. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "भ्यालो." परत उठला, अलीकडं आला, म्हणाला, "मग मामीला जाऊन तसं सांग की." पुन्हा पलीकडं. म्हणाला, "सांगितलं की. चहा दिला तिनं." हसू नका हो... मीही आधी हसलोच होतो.

शेवटी जाऊन खुर्चीवर बसला. आमच्याकडं रीत आहे, तंटा मिटला की दोघांनी एकमेकांना गुळाचा खडा भरवायचा. ह्यानं कागदात बांधून गूळ आणला होता. तो काढला, ह्या बाकड्याकडं बघितलं, त्या बाकड्याकडं बघितलं. मग कागद होता तसा गुंडाळून खिशात ठेवला, सतरंजीची घडी घातली, कडी लावली आणि गेला.

ह्या महिन्यात वर अहवाल पाठवायचा होता, गावात किती तंटे, किती मिटले. माऊली विचारत होता, हा एक धरायचा का नाही. म्हटलं, राहू दे बाबा, कशाला? तेवढा एक सोडला तर आमचं गाव तंटामुक्त आहे.